बॅटरी नवी, वॉरंटी जुनी

विजेवरची गाडी घ्यायला गेलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत एक प्रश्न विचारतोच: बॅटरीची वॉरंटी किती? उत्तर तयार असतं. तीन वर्षं, पाच वर्षं, आठ वर्षं; अलीकडे तर ‘लाइफटाइम’. त्याच्या पुढचा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतो. ही बॅटरी मुदतीच्या आत निकामी झाली आणि कंपनीनं दुसरी दिली, तर त्या दुसऱ्या बॅटरीची वॉरंटी किती? ती नव्यानं सुरू होणार, की पहिल्या बॅटरीचे उरलेले दिवसच तिच्या वाट्याला येणार? आणि मुदत संपल्यावर स्वतःच्या पैशांनी बॅटरी घेतली तर?

देशात विजेवरच्या दुचाक्या मोठ्या संख्येनं विकल्या जाऊ लागल्या त्या साधारण २०२१–२२ पासून. त्या काळातल्या तीन वर्षांच्या वॉरंट्या संपल्या आहेत. त्यामुळे बदललेल्या बॅटरीचा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. त्याची बाजारातली, कायद्यातली आणि परदेशातली उत्तरं एका जागी मांडावीत, म्हणून हा आढावा.

पिशोरहून पाहिलं तर

कन्नड तालुक्यातलं पिशोर हे अद्रक, मका आणि कापूस पिकवणाऱ्या पट्ट्यातलं मोठं गाव. शाळा, बँक, तालुक्याची कामं, बाजार यांसाठी इथल्या लोकांचं रोजचं जाणं-येणं मोठं. कन्नडच्या वाटेवर पिशोरची खांड आहे; तिचा चढ पेट्रोलच्या गाडीला जाणवतो तसा बॅटरीलाही जाणवतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. गावात पंक्चर काढणारा सापडतो, पण बॅटरीचा दोष शोधणारं कंपनीचं यंत्र बघायचं तर बहुतेक ब्रँडच्या बाबतीत पन्नास-साठ किलोमीटरवरचं छत्रपती संभाजीनगर हे जिल्ह्याचं शहर गाठावं लागतं.

त्याच जिल्ह्याचं दुसरं रूप असं: वाळूजला बजाजच्या विजेवरच्या तीनचाकी तयार होतात. बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक नगरीत एथर एनर्जीनं २०२४ मध्ये सुमारे दोन हजार कोटींचा कारखाना जाहीर केला, तोही गाड्या आणि बॅटऱ्या दोन्हींचा. टोयोटा किर्लोस्करनं त्याच वर्षी राज्य सरकारशी करार केला. वाळूजच्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीजनं २०२२ मध्ये मॅक्सवेल एनर्जी ही बॅटरीवर देखरेख ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बनवणारी कंपनी आपल्याकडे घेतली. संभाजीनगरच्या उद्योजकांनी २०२२ मध्ये ‘मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी’च्या नावाखाली दोनशेहून अधिक विजेवरच्या मोटारी एकगठ्ठा बुक केल्या. ज्या जिल्ह्यात या गाड्या आणि त्यांचे भाग बनतात, तिथल्याच खेड्यात बदललेल्या बॅटरीच्या वॉरंटीबद्दल नेमकं सांगणारा माणूस सापडत नाही.

वॉरंटी कशी वाढत गेली

सुरुवात सरकारी अटीतून झाली. एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या केंद्राच्या ‘फेम-२’ योजनेत अनुदान हवं असेल तर बॅटरीसह किमान तीन वर्षांची वॉरंटी देणं उत्पादकाला बंधनकारक होतं. अनेक दुचाक्यांच्या माहितीपत्रकात दिसणारी तीन वर्षं तिथून आली. महाराष्ट्रानं जुलै २०२१ च्या धोरणात आणखी एक पाऊल टाकलं: किमान पाच वर्षांची बॅटरी वॉरंटी देणाऱ्या उत्पादकासाठी प्रति वाहन बारा हजार रुपयांपर्यंतचं प्रोत्साहन ठेवलं. म्हणजे वॉरंटीलाही सार्वजनिक पैशाचं मोल आहे, हे राज्यानं तेव्हाच मान्य केलं होतं. मे २०२५ च्या नव्या धोरणात मात्र जास्त गाजली ती समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवरची टोलमाफी.

मग कंपन्यांची चढाओढ लागली. बजाज चेतक आणि टीव्हीएस आयक्यूब यांची नेहमीची वॉरंटी तीन वर्षं किंवा ५० हजार किलोमीटर अशी राहिली. ओलानं फेब्रुवारी २०२४ मध्ये आठ वर्षं किंवा ८० हजार किलोमीटरची घोषणा केली. एथरनं त्याच वर्षाच्या अखेरीस जादा पैसे घेऊन आठ वर्षं किंवा ८० हजार किलोमीटरची योजना आणली आणि त्यात बॅटरीची क्षमता सत्तर टक्क्यांखाली जाणार नाही, असं लेखी म्हटलं. मोटारींत टाटा नेक्सॉनची आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर ही ओळख झाली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्रानं बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या मोटारींना पहिल्या खासगी मालकासाठी ‘लाइफटाइम’ वॉरंटी दिली. एमजी विंडसरनंही तेच केलं. २०२५ मध्ये टाटानं आधी हॅरियर आणि मग कर्व्ह व मोठ्या बॅटरीची नेक्सॉन त्या रांगेत आणली. टाटाच्या हिशेबात ‘लाइफटाइम’ म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पंधरा वर्षं.

या सगळ्या आकड्यांत ‘किंवा’ हा शब्द गावाकडच्या ग्राहकानं नीट वाचायला हवा, कारण दोन मर्यादांपैकी जी आधी येईल ती लागू होते. रोज ५० किलोमीटर आणि वर्षाचे तीनशे दिवस गाडी चालली, तर वर्षाला पंधरा हजार किलोमीटर होतात. ८० हजारांची मर्यादा साडेपाच वर्षांच्या आत संपते, मग कागदावर आठ वर्षं लिहिलेली असोत. ३० हजारांची मर्यादा असलेली तीन वर्षांची वॉरंटी दोन वर्षांत संपते. शहरात ऑफिसला जाणाऱ्याची वॉरंटी वर्षांवर संपते, पिशोरकराची किलोमीटरवर. बदललेल्या बॅटरीला उरलेली मुदतच मिळणार असेल, तर हा फरक आणखी बोचतो.

बॅटरी बदलावी का लागते

बॅटरी म्हणजे एक डबा नसून शेकडो, कधी हजारो सेलची जुळणी असते. सेल एकमेकांना जोडून मॉड्यूल होतं, मॉड्यूल मिळून पॅक. त्यावर बीएमएस म्हणजे बॅटरी व्यवस्थापन यंत्रणा बसते. प्रत्येक सेलगटाचं व्होल्टेज आणि पॅकचं तापमान ती मोजते, गरज पडली तर पुरवठा तोडते आणि सगळ्याची नोंदही ठेवते.

पॅक दोन प्रकारांनी निकामी होतो. पहिला प्रकार म्हणजे अचानक बिघाड: एखादा सेल गेला, जोड सुटला, बीएमएसचं सर्किट जळलं, सील फुटून पाणी शिरलं. असा दोष पटकन सिद्ध होतो. दुसरा प्रकार हळूहळू झिजण्याचा. लिथियम सेल वापरला तरी झिजतो, नुसता ठेवला तरी झिजतो. उष्णतेत, पूर्ण भरलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस ठेवल्यास आणि तळापर्यंत वारंवार उतरवल्यास जास्त झिजतो. लोखंड-फॉस्फेट रसायनाचे एलएफपी सेल निकेल-मँगनीज-कोबाल्टवाल्या एनएमसीपेक्षा सहसा जास्त चक्रं टिकतात आणि उष्णताही बरी सोसतात. पण त्याच वजनात ऊर्जा कमी मावते. झिजेचं माप म्हणजे ‘एसओएच’, नव्या क्षमतेच्या तुलनेत आज उरलेली टक्केवारी. वाहनांच्या वॉरंटीत सहसा सत्तर टक्के ही रेघ धरतात.

वाद इथेच होतो. रेंज शंभरवरून पासष्टवर आली, हे मालकाला रस्त्यावर कळतं. पण वॉरंटी रस्त्यावरची रेंज मोजत नाही, बीएमएसमधला आकडा मोजते. तो आकडा पाहण्याचं यंत्र कंपनीकडे, पासवर्ड कंपनीकडे आणि निकालही कंपनीचाच. वॉरंटीतून वगळलेल्या गोष्टींची यादीही लांब असते: पॅक उघडला, दुसरा चार्जर लावला, गाडी महिनोन्‌महिने चार्ज न करता ठेवली, पाण्यात बुडाली, कमर्शियल वापर केला. पावसाळ्यात नाल्यावरून वाहणाऱ्या पाण्यातून गाडी काढणारा आणि ती फवारणीच्या पंपानं धुणारा ग्राहक या यादीत सहज अडकतो.

बदलीच्या पाच वाटा, पाच उत्तरं

मूळ प्रश्नाला एकच उत्तर नाही. बॅटरी कोणत्या वाटेनं बदलली यावर ते ठरतं.

पहिली वाट वॉरंटीतल्या मोफत बदलीची. बहुतेक उत्पादकांच्या पुस्तिकेत एक वाक्य असतं: वॉरंटीत दुरुस्त केलेल्या किंवा बदललेल्या भागाला मूळ वॉरंटीच्या उरलेल्या काळापुरतंच संरक्षण राहील. आठ वर्षं किंवा ८० हजार किलोमीटरची वॉरंटी असलेल्या स्कूटरचा पॅक चौथ्या वर्षी ६० हजारांवर बदलला, तर नव्या पॅकला २० हजार किलोमीटर मिळतात. वर्षाला पंधरा हजारांच्या हिशेबानं ते सोळा महिन्यांत संपतात. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा हिशेब नवा नाही. ट्रॅक्टरच्या नि इन्व्हर्टरच्या शिसं-आम्ल बॅटरीला वर्षानुवर्षं हाच नियम आहे. कार्डावर पहिल्या विक्रीची तारीख असते, ठरावीक महिने मोफत बदल, पुढचे महिने काही टक्के पैसे भरून बदल. आणि बदलून मिळालेली बॅटरी त्याच जुन्या कार्डावर चालते. तिथं बॅटरी काही हजारांची असते, इथं ती गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त असते. जुना नियम मात्र जशाच्या तसा पुढे आला.

या वाटेवर आणखी एक बारीक गोष्ट आहे. बदलून मिळणारा पॅक कारखान्यातून नवा आलेला असेलच असं नाही. दुसऱ्या गाडीतून काढून दुरुस्त केलेला पॅकही पुस्तिकेच्या शब्दांत बसू शकतो, आणि कधी पूर्ण पॅक न बदलता एकच मॉड्यूल बदलतात. नव्या मॉड्यूलशेजारी झिजलेली मॉड्यूलं बसली की त्यांची क्षमता जुळत नाही. पूर्ण पॅक सर्वांत दुबळ्या गटाच्या हिशेबानं चालतो. त्यामुळे ‘बॅटरी बदलून दिली’ या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी लपतात, आणि तीनही वेळा वॉरंटी एकच, उरलेली.

दुसरी वाट मुदतीनंतर अधिकृत केंद्रातून पैसे भरून बदलण्याची. ही स्वतंत्र खरेदी आहे, म्हणून तिला सुट्या भागाची स्वतंत्र वॉरंटी लागते. ती वाहनाच्या वॉरंटीपेक्षा बरीच आखूड असू शकते. गाडीसोबत आठ वर्षं मिळालेल्या वस्तूला सुटी घेतल्यावर किती वर्षं, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारायला हवं. इथं करही बदलतो: बॅटरीसह गाडीवर जीएसटी पाच टक्के, सुट्या लिथियम बॅटरीवर अठरा. ग्राहक जास्त कर भरतो आणि कमी मुदत घेतो, असं चित्र सहज तयार होतं. वॉरंटीतल्या मोफत बदलीवर मात्र ग्राहकाकडून जीएसटी घेता येत नाही; केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं जुलै २०२३ च्या परिपत्रकात ते स्पष्ट केलं आहे.

तिसरी वाट बाहेरच्या बॅटरीवाल्याची. सेल आणून, स्पॉट वेल्डिंग करून, बीएमएस जोडून पॅक बांधून देणारे कारागीर आता तालुक्याच्या गावीही दिसतात. भाव कमी, काम दोन दिवसांत, वॉरंटी बिलावर पेनानं लिहिलेली. ती दुकानदाराची व्यक्तिगत हमी असते. दुकान हललं की हमी हलली. या वाटेवर वाहनाच्या उरलेल्या वॉरंटीवरही पाणी सोडावं लागू शकतं. सुरक्षेचा प्रश्न त्याहून मोठा आहे. मार्च २०२२ मध्ये पुण्यात स्कूटर पेटली, एप्रिलमध्ये नाशिकजवळ कंटेनरमधल्या स्कूटर जळाल्या. त्यानंतर केंद्रानं दुचाकी-तीनचाकींसाठी एआयएस-१५६ हे मानक कडक केलं. सुधारित अटी डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. ती चाचणी मूळ पॅकची झालेली असते, गल्लीत बांधलेल्या पॅकची नव्हे. सरसकट सगळ्या कारागिरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. कंपनी बंद पडलेल्या गाड्या त्यांच्यामुळेच रस्त्यावर आहेत.

चौथी वाट विम्याची. अपघातात किंवा पुरात बॅटरी गेली तर ती वॉरंटीची बाब उरत नाही. साध्या मोटार विम्यात बॅटरीच्या घसाऱ्याची कपात होते. बॅटरी संरक्षणाचं जोडकवच घेतलं असेल तर भरपाई बरी मिळते. विम्यातून बसलेल्या पॅकला सुट्या भागाची वॉरंटी लागू व्हायला हवी. पण बिल विमा कंपनीच्या हिशेबात गेल्यामुळे ग्राहकाच्या हातात कागदच येत नाही. तो मागून घ्यावा.

पाचवी वाट भाड्याच्या बॅटरीची. रस्ते वाहतूक मंत्रालयानं ऑगस्ट २०२० मध्ये बॅटरीविना वाहनाची विक्री आणि नोंदणी करू द्यायचा निर्णय राज्यांना कळवला. एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये ९ लाख ९९ हजारांत, बॅटरीचं भाडं किलोमीटरमागे साडेतीन रुपये, अशी आली. हिरोच्या विडानंही भाड्याचा पर्याय दिला. बॅटरीच आपली नसेल तर तिच्या वॉरंटीची चिंता मालकाची नसते, असं वरवर वाटतं. प्रत्यक्षात चिंता करारात जाते: किती क्षमतेखाली बॅटरी बदलून देणार, बदलीच्या दिवसांचं भाडं माफ आहे का आणि करार मध्येच मोडला तर काय.

दुसरा मालक आणि बुडालेली कंपनी

गावाकडच्या बाजारात जुन्या गाडीला मान आहे. शहरात चार वर्षं चाललेली स्कूटर तालुक्यात विकली जाते. ‘लाइफटाइम’ वॉरंटी इथं आपला खरा चेहरा दाखवते. महिंद्राच्या अटींत मालक बदलला की वॉरंटी पहिल्या नोंदणीपासून दहा वर्षं किंवा दोन लाख किलोमीटरवर येते. टॅक्सी म्हणून नोंदवलेल्या गाडीला ‘लाइफटाइम’ नाहीच. जुनी गाडी घेताना बॅटरी एकदा बदललेली आहे, असं विकणारा अभिमानानं सांगतो. ती वॉरंटीत बदलली की पैशांनी, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला किंमत नाही.

कंपनीच उरली नाही तर? डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणानं हिरो इलेक्ट्रिकवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. एके काळी विजेवरच्या दुचाक्यांत हे देशातलं मोठं नाव होतं. दिवाळखोरी संहितेखाली प्रक्रिया चालू असताना कंपनीविरुद्धचे दावे थांबतात. वॉरंटी म्हणजे शेवटी एका कंपनीचा शब्द. देणाऱ्याची ऐपत टिकेल तेवढाच तो टिकतो.

परदेशात काय चालतं

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात जुलै २०२५ मध्ये दुकान थाटलेल्या टेस्लाचं उदाहरण बोलकं आहे. तिच्या अमेरिकेतल्या अटींनुसार वॉरंटीत बदललेल्या बॅटरीला मूळ वॉरंटीचा उरलेला काळच मिळतो. शिवाय बदलीची बॅटरी नवीकोरी असेल असं वचन नाही. जुन्या बॅटरीची बिघाडापूर्वी जितकी क्षमता होती, वय आणि अंतर लक्षात घेऊन तितकी तरी असेल, एवढंच आश्वासन आहे. मुदतीनंतर पैसे भरून घेतलेल्या बॅटरीला मात्र चार वर्षं किंवा ५० हजार मैल अशी स्वतंत्र वॉरंटी आहे. ती मूळ आठ वर्षांच्या निम्मी, पण छापील आणि ग्राहकाला आधी ठाऊक असलेली.

वेगळं उत्तर दिलं ते जनरल मोटर्सनं, तेही नाइलाजानं. शेव्हरले बोल्टच्या बॅटऱ्यांना आगी लागल्यावर २०२१ मध्ये सर्व बोल्ट मोटारी परत बोलावल्या गेल्या. तेव्हा बदललेल्या मॉड्यूलना आठ वर्षं किंवा एक लाख मैलांची नवी वॉरंटी दिली. घड्याळ शून्यापासून सुरू करणं कंपन्यांना परवडत नाही, हा युक्तिवाद त्या उदाहरणापुढे लंगडा पडतो. कंपनीचं नाव पणाला लागलं की घड्याळ मागे फिरतं.

टिकाऊपणाचा किमान दर्जा सरकारांनीही ठरवायला घेतला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ मधल्या जागतिक तांत्रिक नियमानुसार मोटारींच्या बॅटरीनं पाच वर्षं किंवा एक लाख किलोमीटरला ८० टक्के आणि आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजारांना ७० टक्के क्षमता राखावी. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून वाहनांच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागेल. तिथल्याच २०२४ च्या दुरुस्ती-हक्क निर्देशात आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळची तरतूद आहे: कायदेशीर हमीच्या काळात ग्राहकानं बदलीऐवजी दुरुस्ती निवडली तर हमी एकदा बारा महिन्यांनी वाढते. सदस्य देशांनी ती ३१ जुलै २०२६ पासून लागू करायची आहे.

आपला कायदा कुठवर येतो

भारतात बदललेल्या बॅटरीला किती वॉरंटी द्यावी, हे सांगणारं कलम ग्राहक कायद्यात नाही. ग्राहक निःशस्त्र आहे, असं मात्र नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ नुसार वस्तू दिलेल्या स्पष्ट वॉरंटीप्रमाणे नसेल आणि त्यातून हानी झाली, तर उत्पादक जबाबदार ठरतो. निष्काळजीपणा नव्हता, एवढं सांगून तो सुटत नाही. दिशाभूल करणारी वॉरंटी ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. एकतर्फी अटी ‘अन्याय्य करार’ म्हणून आव्हानित करता येतात, पण ती तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, राज्य आयोगापुढे न्यावी लागते. १९३० च्या माल विक्री कायद्यात वस्तू विक्रीयोग्य दर्जाची असण्याची गर्भित अट आहे. पैसे भरून घेतलेल्या पॅकला ती लागू पडते, बिलावर वॉरंटीचा उल्लेख असो वा नसो.

न्यायालयांनी दोन्ही बाजूंनी रेघा ओढल्या आहेत. २००६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की वॉरंटीत दोषी भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचं वचन असेल तर तेवढंच मागता येतं, सबंध गाडी नव्हे. गोव्यातल्या एका मोटारीच्या प्रकरणात फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच न्यायालयानं विक्रेत्याच्या लबाडीबद्दल, तिची माहिती नसलेल्या उत्पादकाला जबाबदार धरायला नकार दिला. याचा धडा सरळ आहे: विक्रेत्यानं तोंडी सांगितलेली ‘नवी आठ वर्षं’ कंपनीवर बंधनकारक ठरवणं अवघड.

तक्रारीची वाट आता पूर्वीइतकी खडतर नाही. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, पाच लाखांपर्यंत शुल्क शून्य, आणि कंपनी बंगळुरूची असली तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे पिशोरकराला संभाजीनगरला करता येते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’वर ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे. त्याआधी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. तिथल्या नोंदी वाया जात नाहीत: एका वर्षात आलेल्या १०,६४४ तक्रारींच्या आधारेच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ओला इलेक्ट्रिकला कारणे दाखवा नोटीस काढली.

मग काय व्हायला हवं

उरलेल्या मुदतीच्या बाजूनंही एक युक्तिवाद आहे. ग्राहकानं आठ वर्षांच्या निश्चिंतीचे पैसे दिले. मध्ये कितीही वेळा पॅक बदलला तरी ती आठ वर्षं पुरी होतात. दर बदलीला नवी आठ वर्षं दिली तर तो बोजा पहिल्या दिवसाच्या किमतीवर पडेल. हे खरं आहे. पण हा युक्तिवाद मुदतीच्या मधल्या काळापुरता चालतो. मुदतीच्या टोकाला बसवलेला पॅक दोन महिन्यांत गेला, तर ग्राहकानं काय करायचं? दुरुस्त केलेला पॅक मिळाला, तर त्याच्या आयुष्याची हमी कुणाची? आणि दोन महिने गाडी सर्व्हिस सेंटरला पडून राहिली, तर ते दोन महिने कुणाच्या खात्यात?

म्हणून मधली वाट योग्य: उरलेली मुदत किंवा बदलीपासून किमान दोन वर्षं, यांत जे जास्त ते मिळावं आणि गाडी दुरुस्तीत असलेले दिवस मुदतीतून वगळावेत. पैसे भरून घेतलेल्या पॅकला किमान तीन वर्षं, कारण नव्या गाडीसाठी ‘फेम-२’नं तोच पाया ठरवला होता. सरकारला हे नवं नाही. टीव्ही-फ्रिजची वॉरंटी खरेदीच्या तारखेऐवजी बसवल्याच्या तारखेपासून धरा, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२३ च्या अखेरीस उत्पादकांना सांगितलंच होतं. बॅटरीला आधारसारखा २१ अक्षरी क्रमांक देण्याचा मसुदाही केंद्रानं पुढे आणला आहे. तो प्रत्यक्षात आला तर वॉरंटी गाडीच्या नावावर न राहता पॅकच्या क्रमांकावर चढवता येईल, आणि जुनी गाडी घेणाऱ्यालाही पॅकचा इतिहास पाहता येईल. राज्यानं २०२१ मध्ये वॉरंटीला पैसे देऊ केले होते. पुढच्या वेळी ते देताना बदलीच्या वॉरंटीची अट जोडणं अवघड नाही.

नियम येईल तेव्हा येईल. तोवर बॅटरी बदलून घेणाऱ्यानं सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरून उठण्याआधी एका कागदावर सही-शिक्क्यानिशी पाच गोष्टी लिहून घ्याव्यात: काढलेल्या आणि बसवलेल्या पॅकचे क्रमांक, बसवलेला पॅक नवा, दुरुस्त केलेला की फक्त मॉड्यूल बदललेलं, बसवताना दिसलेली एसओएचची टक्केवारी, बदलीच्या दिवशीचे किलोमीटर, आणि वॉरंटी कोणत्या तारखेपर्यंत व किती किलोमीटरपर्यंत. पैसे भरले असतील तर जीएसटीचं पक्कं बिल घ्यावं. जुना पॅक भंगारवाल्याला देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तो परत घेऊन विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. बॅटरी पूर्ण बंद पडली असली तरी तक्रार आधी लेखी नोंदवावी, पॅक उघडू देऊ नये आणि जॉबकार्डची प्रत घेतल्याशिवाय गाडी सोडू नये. हा कागद द्यायला कुणी नकार दिला, तर तो नकारही लेखी मागा आणि त्याच दिवशी १९१५ वर तक्रार नोंदवा.